मेणकाकूंचे अडीच तास

मेणकाकू टेकडीवरून आमच्याकडे राहायला आल्या त्याला आता पाच महिने होतील. येताना त्यांनी आणलं काय, तर दोन पिशव्या, एक पत्र्याची ट्रंक आणि एक बोथट सुरी. सुरी पाहून माझा नवरा म्हणाला, "काकू, भाजी चिरायला आमच्याकडे सुरी आहे हो."

काकूंनी त्याच्याकडे न बघताच उत्तर दिलं, "ही भाजीची नाही. आणि तू कधी भाजी चिरलीस रे?"

त्या माझ्या नवऱ्याच्या सख्ख्या काकू. खरं नाव फक्त कागदपत्रांवर. बाकी सगळे त्यांना मेणकाकू म्हणतात, कारण गेली एकतीस वर्षं त्यांच्या नखांत मेण आहे. इथे आल्यावर मी त्यांना गरम पाण्यात हात बुडवून बसायला लावलं, ब्रश आणून दिला, तरी उजव्या अंगठ्याच्या नखाखाली एक पांढरी रेघ राहिलीच. "राहू दे," म्हणाल्या. "तेवढी माझी."

आमच्या गावामागच्या टेकडीवर माउलीचं चर्च आहे. तीनशे अठरा पायऱ्या. वर पोचल्यावर एका बाजूला चर्च आणि दुसऱ्या बाजूला सगळी दरी, नदीचं वळण, पलीकडच्या डोंगरांच्या एकामागून एक रांगा. लोक ते बघायला लांबून गाड्या करून येतात. काकूंची दीड खोली चर्चच्या मागे होती आणि तिची खिडकी नेमकी त्या दरीवर उघडायची. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्यांदा ती खिडकी पाहून म्हटलं होतं, "काकू, तुम्ही किती नशीबवान!" त्या खिडकीकडे पाठ करून भांडी घासत होत्या. म्हणाल्या, "असेन. वारा फार येतो तिथून."

चर्चची देखभाल आधी काका करायचे. ते छातीच्या दुखण्याने गेले तेव्हा काकू सदतीस वर्षांच्या होत्या. घरात पाळणा हलला नव्हता. माहेरी परत जायचं म्हणजे भावजयीच्या हाताखाली. त्यांनी फादरना विचारलं, "किल्ल्या माझ्याकडेच राहू देत का?" फादर म्हणाले, "नवीन माणूस मिळेपर्यंत ठेवा." नवीन माणूस काही मिळाला नाही. किंवा कुणी शोधलाच नाही.

काम काय, तर पहाटे दार उघडायचं, झाडायचं, पुसायचं, वेदीवरची फुलं बदलायची. पण मुख्य काम मेणबत्त्यांचं. माउलीसमोर डाव्या हाताला लोखंडी घडवंची होती, तिच्यावर सात ओळी खिळे. लोक त्या खिळ्यांवर मेणबत्त्या खोचायचे. वितळलेलं मेण घडवंचीवर, फरशीवर, भिंतीवर. काकू ते त्या बोथट सुरीने खरवडायच्या, उरलेली थोटकं पातेल्यात वितळवून गाळायच्या आणि त्यांच्या नव्या मेणबत्त्या पाडायच्या.

आणि एक नियम होता. तो कुठे लिहिलेला नव्हता, फादरांनीही घालून दिलेला नव्हता; काकांचा होता आणि काकूंनी तो पुढे चालवला. कुणी लावलेली मेणबत्ती हाताने विझवायची नाही. ती आपली आपण संपली पाहिजे. संध्याकाळी दार लावायची वेळ झाली आणि एखादी जळत असली तर काकू बाकावर बसून राहायच्या. मोठी असली तर बाकावरच आडव्या व्हायच्या. "तासातासाला जाग येते," त्या सांगायच्या, "तान्ह्या मुलाच्या आईसारखी. फक्त मूल काही मोठं होत नाही."

भोळ्या मात्र त्या अजिबात नव्हत्या. एकदा घडवंचीच्या कडेला मेण ओघळून त्याचा काही तरी आकार झाला. कुणाला त्यात पदर दिसला, कुणाला जोडलेले हात. दुपारपर्यंत ही गर्दी! काकू आल्या, बघितलं, आणि सुरीने तो आकार सगळ्यांच्या देखत खरवडून काढला. "वारा आहे तो," म्हणाल्या. "तिसऱ्या खिडकीची काच फुटलीय. फादरना चारदा सांगून झालं." एक बाई रडायलाच लागली. काकूंनी तिला पाणी दिलं, पण आकार काही परत दिला नाही.

गेल्या वर्षी टेकडीवर पिक्चरचं शूटिंग आलं. चार दिवसांचं. माझी लेक त्या कंपनीत नुकतीच लागली होती. तिचं पहिलंच काम. तिच्या कामाला काय म्हणतात ते मला आधी कळेचना. तिने समजावलं, "आई, एकच सीन दोन दिवस चालतो. पण पडद्यावर तो एकाच वेळी घडलेला दिसला पाहिजे. काल बाईच्या डोक्यावरचा पदर डाव्या कानामागे होता तर आजही तिथेच. काल पेला अर्धा होता तर आज अर्धाच. ते सगळं मी लिहून ठेवते, मोजते, फोटो काढते." तिच्या हातात कायम स्टीलची पट्टी असे, म्हणून सेटवर सगळे तिला 'पट्टी' म्हणत. तिला ते आवडत नव्हतं, पण सांगताना हसत होती.

तिच्याआधी त्या जागेवर असलेल्या मुलाला दिग्दर्शकाने एका चुकीसाठी दुसऱ्याच दिवशी घरी पाठवलं होतं. हे तिने सहज सांगितलं आणि माझी झोप उडाली. मी चार दिवसांची रजा टाकली आणि काकूंच्या खोलीत जाऊन राहिले. "काकूंचे गुडघे दुखतात, त्यांना मदत," असं घरी सांगितलं. नवरा म्हणाला, "काकूंचे गुडघे दहा वर्षांपासून दुखतायत." लेक म्हणाली, "आई, तू ये, पण सेटवर येऊ नको. प्लीज. आणि डबा घेऊन तर अजिबात नको."

मी गेले. डबा घेऊनच. शेवटच्या खांबाआड उभी राहायचे. जमिनीवर सगळीकडे जाडजूड वायरी, शिड्या, तापलेले दिवे, आणि त्यातून ही पोर पट्टी घेऊन तुरुतुरु पळणार. तिला कोरडा खोकलाही होता तेव्हा.

शूटिंगचे चार दिवस पायऱ्या भाविकांसाठी बंद होत्या. सोमवारी पहिला दिवस. सकाळी आठला, खालचं फाटक लावायच्या जरा आधी, एक बाई वर आली. माझ्याच वयाची असेल. धाप लागलेली, चपलेचा एक बंद तुटलेला. हातात कागदात गुंडाळलेली मेणबत्ती, मनगटाएवढी जाड आणि कोपरापर्यंत लांब. तिने काकूंना सांगितलं, मुलगी बारा वर्षांची आहे, पाठीच्या कण्यात गाठ आहे, उद्या ऑपरेशन. दुकानदार म्हणाला ही तीन दिवस चालते. तीन दिवसांत काय ते कळेल.

"मला हॉस्पिटलमधून हलता येणार नाही," ती म्हणाली. "ही जळत राहील ना? मध्ये कुणी विझवणार नाही ना? इथे हे सगळं सामान..."

"मी आहे," काकू म्हणाल्या.

बाईने तिसऱ्या ओळीत डावीकडच्या खिळ्यावर ती खोचली, पेटवली आणि उलट पावली खाली गेली. नीट प्रार्थनाही केली नाही. वेळच नव्हता तिला.

काकूंनी कंपनीच्या मॅनेजरला गाठून सांगितलं, की घडवंचीवरचं बाकी काहीही हलवा, ही तेवढी सोडा. तो आत जाऊन विचारून आला. "राहू द्या काकू, उलट सर म्हणतात फ्रेममध्ये छान दिसते." कंपनीच्या लोकांनी आपल्या पन्नासेक छोट्या मेणबत्त्या भोवती लावल्या आणि मधे ही. खरंच छान दिसत होती.

सीन असा होता, की म्हातारी झालेली नायिका माउलीसमोर गुडघे टेकून जन्मभराचं मनातलं बोलते. मोठं बोलणं होतं. पश्चिमेच्या खिडकीतून तिरपं ऊन यायचं तेवढ्याच वेळात घ्यायचं होतं, म्हणजे तीन ते पाच. दुपारी साउंडवाला मॅनेजरकडे आला. काकूंचे गुडघे उठता-बसता वाजतात आणि किल्ल्यांचा जुडगा किणकिणतो, तो आवाज येतो म्हणे. मॅनेजरने हात जोडले. "काकू, दोन तास आत विश्रांती घ्या ना."

काकूंना कुणी विश्रांती घ्या म्हटल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं. त्यांनाही ते नवीनच होतं. जाता जाता मला म्हणाल्या, "सूनबाई, तेवढी बघशील? मी जरा पाठ टेकते."

"पडा हो तुम्ही," मी म्हटलं. "मी आहे ना."

त्यांचेच दोन शब्द मी किती सहज उचलले.

पाच वाजता ऊन गेलं. दिग्दर्शक ओरडला, "बस! उरलेला उद्या." सगळे पांगले. लेक घडवंचीपाशी आली. तिने सगळ्या बाजूंनी फोटो काढले. मग गुडघ्यावर बसून ती जाड मेणबत्ती मोजली, वहीत लिहिलं, डावीकडे ओघळलेल्या थेंबांचं चित्र काढलं. आणि मग ज्योतीमागे हाताचा आडोसा धरून, मेण उडू नये म्हणून अगदी हळू, फुंकर घातली. थंड होईपर्यंत थांबली. मऊ कागदात गुंडाळली, कागदावर सीनचा नंबर लिहिला, आणि तान्हं मूल पाळण्यात ठेवावं तशी खोक्यात ठेवली.

मी खांबाआडून हे सगळं पाहिलं. आणि मला काय वाटलं? वाटलं, किती नीटनेटकं काम करते माझी पोर. घरात ओला टॉवेल पलंगावर टाकणारी ती हीच का? डोळे भरून आले माझे. ती सकाळची बाई, तिची मुलगी, काकूंचे शब्द, माझे शब्द, काही काही आठवलं नाही. मी घडवंचीकडे बघतच नव्हते. मी लेकीकडे बघत होते.

काकूंना जाग आली ती साडेसातला. खुर्चीत बसल्या बसल्या झोपल्या होत्या, पायात चपला तशाच. एवढी सलग झोप त्यांना कित्येक वर्षांत लागली नसेल. त्या चर्चमध्ये गेल्या आणि लगेच परत आल्या. दारात उभ्या राहिल्या.

"ती कुठे आहे?"

तेव्हा मला सकाळची ती बाई आठवली. लेक माझ्याशेजारी बसून डब्यातलं खात होती. ती हसून म्हणाली, "काकूआजी, ती जाड ना? अजिबात काळजी करू नका. पाचलाच विझवून जपून ठेवलीय. उद्यापर्यंत एक थेंबसुद्धा कमी होणार नाही."

काकू पलंगाच्या कडेवर बसल्या. गुडघे वाजले. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तू होतीस ना तिथे?"

"मी जरा बाहेर गेले होते," मी म्हटलं. "पाचच्या सुमारास."

एवढंच. लेकीसमोर तोंडातून निघून गेलं. काकूंनी मान हलवली. "तुझी काय चूक? मला झोप लागली. माझंच काम होतं."

मग त्यांनी लेकीला सांगितलं. आवाज चढवला नाही, रडल्या नाहीत. कुणाची मेणबत्ती, कशासाठी, काय कबूल केलं होतं, चार वाक्यांत. लेकीचा घास हातातच राहिला.

"मला सांगितलं होतं, घडवंचीवरचं सगळं आपलंच आहे," ती म्हणाली.

"असेल सांगितलं."

"आता पेटवली तर उद्यापर्यंत..." तिने मनात हिशोब केला. "दहा-अकरा सेंटीमीटर कमी होईल. काकूआजी, ती सीनच्या मधोमध आहे. सर मला घरी पाठवतील."

मी मधे पडले. म्हटलं, काकू, आज दुसरी एखादी जाड लावू. ही उद्या सीन झाल्यावर परत ठेवू. त्या बाईला कुठे कळणार आहे?

"तिने ही दिली," काकू म्हणाल्या. "दुसरी दिली असती तर दुसरी जाळली असती." मग लेकीकडे वळून, "हे बघ पोरी, तुझं काम मला कळत नाही. पण चांगलं करतेस असं दिसतं. मी काही ती मागून घेणार नाही. तुला वाटेल ते कर." आणि झाडू घेऊन चर्चमध्ये निघून गेल्या. तिथे झाडण्यासारखं काही नव्हतं, कंपनीच्या माणसांनी सगळं झाडलं होतं. पण झाडूचा आवाज येत राहिला.

लेकीने डबा बाजूला सारला. मी तिला म्हटलं, "नीट विचार कर गं, पहिली नोकरी आहे." ती म्हणाली, "आई, तू जरा गप्प बस." हात धुऊन आली, खोकं उघडलं, कागद सोडला, आणि मेणबत्ती घेऊन गेली. झाडूचा आवाज थांबला.

नंतर दोघी परत आल्या त्या एकमेकींशी बोलतच. काकूंनी थोटकांचा डबा काढला, मोठं पातेलं गॅसवर चढवलं. छपराच्या पाण्याच्या पत्र्याच्या नळीचा एक तुकडा त्यांच्याकडे पडला होता, मनगटाएवढ्याच जाडीचा. त्याचं एक तोंड मातीने बंद केलं, मधून वात ताणून धरली, आणि गाळलेलं मेण ओतलं. लेक पट्टी लावून सांगत होती, "अजून दोन सेंटीमीटर... अजून अर्धा..."

"तुझी आजी, माझी जाऊ, तेल असंच मोजून द्यायची," काकू म्हणाल्या, आणि लेक फिस्सकन हसली. सकाळी नळी कापून मेणबत्ती काढली. आकार बरोबर, उंची बरोबर. रंग मात्र पिवळट. थोटकांचं मेण, कितीही गाळलं तरी त्यात काजळी असतेच.

मंगळवारी दुपारी काकूंनी खरी मेणबत्ती जळतीच खिळ्यावरून काढली आणि हाताच्या आडोशाने खोलीत आणून ओट्यावर ठेवली. त्या खिडकीकडे पाठ करून तिच्यासमोर बसल्या. त्या दिवशी त्यांची पापणी लवली नाही. घडवंचीवर पिवळी उभी राहिली. दिग्दर्शकाने ती पाहिली आणि सगळ्यांसमोर माझ्या लेकीला जे बोलला ते मी इथे लिहीत नाही. भिंतीपलीकडून मला शब्द न् शब्द ऐकू येत होता. लेक एवढंच म्हणाली, "माझी चूक, सर." ऊन निघून जात होतं म्हणून त्याने तशाच अवस्थेत सीन घेतला. तिला घरी पाठवलं नाही. पण पुढच्या पिक्चरला बोलावलंही नाही.

गुरुवारी सकाळी ती बाई आली. मॅनेजरने तिला सोडलं, कारण कंपनीचं सामान बांधून झालं होतं. नऊ वाजून गेले होते. मी, काकू आणि लेक, तिघी घडवंचीपाशीच होतो. मेणबत्ती पुन्हा आपल्या जागी, बोटभर उरलेली, पण जळत होती.

बाई दारातच थांबली. मग धावत आली. "अजून आहे?" ती म्हणाली. "अहो, आठलाच तीन दिवस झाले! मी पायऱ्या चढताना घाबरत होते, की संपलेली बघावी लागणार. आणि ही अजून आहे!" तिने काकूंचे दोन्ही हात धरले. "काल संध्याकाळी शुद्धीवर आली ती. मला ओळखलं. दोन चमचे पाणी प्यायली. आणि ही बघा, तीन दिवसांच्या वर चालली! सारखी जळत होती ना? एकदाही विझली नाही ना?"

मी काकूंच्या चेहऱ्याकडे बघत होते. आकार खरवडून टाकणाऱ्या त्या काकू. त्यांचं तोंड उघडलं. बाईने कपाळ त्यांच्या हातांवर टेकवलं होतं, तिच्या केसांना हॉस्पिटलचा वास येत होता, आणि तिची पाठ हलत होती.

"हो," काकू म्हणाल्या.

साडेदहाला ज्योत मेणात बुडाली आणि गेली. अगदी हिशोबाने, अडीच तास उशिरा. बाई पायऱ्या उतरून गेल्यावर लेक काकूंना म्हणाली, "मग मी कशासाठी शिव्या खाल्ल्या? तुम्ही खोटं बोललात."

"हो गं."

"पण का?"

"दमले होते," काकू म्हणाल्या, आणि सुरी घेऊन खिळा खरवडायला लागल्या.

तिथेच ते संपलं असतं. पण त्या बाईने खाली सांगितलं, हॉस्पिटलमध्ये सांगितलं, गल्लीत सांगितलं. महिन्याभरात लोक विचारायला लागले, "ती तीन दिवसांची मेणबत्ती चार दिवस चालली ती कुठल्या खिळ्यावर?" अडीच तासांचा एक दिवस झाला होता. काकू म्हणायच्या, "कुठेही लावा, सगळ्या सारख्याच जळतात." कुणी ऐकायला तयार नाही. त्या एका खिळ्यासाठी रांग लागायची, बाकीच्या सहा ओळी रिकाम्या. कुणी ती जागा फुलांनी सजवून गेलं. काकू खरवडायला गेल्या तर लोक म्हणायचे, "नको, ते मेण राहू द्या." आणि काकू सुरी खाली ठेवायच्या. कारण वारा आहे, काच फुटलीय, असं सांगायला त्यांना तोंडच राहिलं नव्हतं.

सात महिन्यांनी ती बाई मुलीला घेऊन आली. काठी टेकत, बापाचा खांदा धरत, ती मुलगी तीनशे अठरा पायऱ्या चढली. त्याच खिळ्यावर तिने मेणबत्ती लावली. बाई जमलेल्या लोकांना काकूंकडे बोट दाखवून सांगत होती, "ह्यांनी पाहिलंय. विचारा ह्यांना." लोकांनी विचारलं. हो म्हणून काकूंनी मान हलवली. पुढच्या रविवारी त्यांनी किल्ल्या फादरांच्या टेबलावर ठेवल्या. "गुडघे," एवढंच म्हणाल्या. नवीन माणूस आठ दिवसांत मिळाला.

इथे त्या फार बोलत नाहीत. सकाळी पाचला उठतात, माझ्या आधी चहा ठेवतात, जेवणाच्या टेबलावर वाळलेले थेंब अंगठ्याच्या नखाने खरवडतात. लेक घरी असली की दोघी पत्ते खेळतात, आणि काकू हरल्या की "मोजून घे तुझ्या पट्टीने" म्हणतात.

गेल्या शनिवारी तो पिक्चर टीव्हीवर लागला. आम्ही चौघं बसलो. सीन आला. नायिका बोलत होती, मागे मेणबत्ती पांढरीशुभ्र. कॅमेरा फिरला, तिचा चेहरा जवळून, आणि मागे मेणबत्ती पिवळी. परत पांढरी. परत पिवळी. लेकीने तोंडावर उशी घेतली.

"कुणाच्या लक्षात येत नाही गं," माझा नवरा म्हणाला. "मला तर सांगूनही दिसत नाही."

"जिची आहे तिला दिसेल," काकू म्हणाल्या. "तिने ती मेणबत्ती घेऊन तीनशे अठरा पायऱ्या चढल्यात. तिला कळेल, हिच्या जागी दुसरी उभी केली. मग ती सगळी घटका-घटका मोजत बसेल. कुठल्या वेळी विझली होती, तेव्हा पोरीचं काय चाललं होतं. एकटी बसून. त्यापेक्षा आपणच सांगावं." मग माझ्याकडे वळल्या. "सूनबाई, तू शिकलेली आहेस. मला पत्र लिहून दे. पत्ता माझ्या वहीत आहे, किल्ल्या देताना चर्चच्या रजिस्टरमधून उतरवून आणलाय."

मी आठ दिवस टाळलं. कामं काढली, डोकं दुखतं म्हटलं. खरं सांगायचं तर मला वाटत होतं, की मी ती बाई असते तर मला हे पत्र नको असतं. माझी मुलगी चालते आहे, मला अजून काय कळून घ्यायचंय? पण काकू रोज संध्याकाळी विचारतात, "लिहिलंस?" ओरडत नाहीत, फक्त विचारतात. आज त्यांनी सांगितलं आणि मी उतरवून घेतलं. आता घरात सगळे झोपले आहेत, आणि ते मी चांगल्या अक्षरात लिहून काढलं आहे.

"बाई, तुमच्या मेणबत्तीला तीन दिवसांहून जास्त वेळ लागला, कारण ती सोमवारी संध्याकाळी पाच ते साडेसात विझलेली होती. मी झोपले होते. जाग आल्यावर लगेच पेटवली, मग विझली नाही. तुम्ही विचारलंत तेव्हा मी हो म्हटलं, ते म्हणायला नको होतं. तुमची मुलगी चालते ती डॉक्टरांमुळे आणि तिच्या स्वतःच्या पायांमुळे, खिळ्यामुळे नाही. तिला सांभाळा. पायऱ्या उतरताना काठी उजव्या हातात धरायला सांगा, उजवीकडचा कठडा हलतो."

काकूंनी सांगितलं तसं, एक शब्द इकडचा तिकडे नाही. लेकीचं त्यात नावसुद्धा नाही. "ती लहान आहे, तिला कशाला ओढायचं," म्हणाल्या.

'मी झोपले होते' ह्या शब्दांशी मी बराच वेळ थांबले. मग खाली, काकूंच्या सहीसाठी सोडलेल्या जागेच्या वर, आणखी एक ओळ घातली. उद्या चहाच्या वेळी पत्र मोठ्याने वाचून दाखवायचं आहे. लेक असेल, नवरा असेल. काकूंचा कान अजून तिखट आहे, एखादी ओळ गाळली तर लगेच ध्यानात येईल.

ओळ अशी आहे: "काकू मला मेणबत्ती बघायला सांगून झोपल्या होत्या, मी जागी होते, तिथेच होते, आणि ती विझवताना मी पाहिलं."